खोक्यावरचं अक्षर

लोरेटानं गासडीची शेवटची तार आवळली, तेवढ्यात शेडच्या दारात एक तरुण बाई धापा टाकत येऊन उभी राहिली.

"सकाळी माझ्या बहिणीनं खोकी आणून टाकली. घर बदललं, त्याची. कुठायत?"

लोरेटानं गासडीकडे बोट केलं. कॅन्ससच्या त्या लष्करी छावणीत उन्हाळा म्हणजे बदल्यांचा हंगाम. सामान घरात लागलं, की रिकामी खोकी या रद्दीच्या शेडमध्ये. सकाळपासूनचा सगळा पुठ्ठा यंत्रानं दाबून त्या एका गासडीत बसवला होता.

"त्यांवर माझ्या नवऱ्यानं लिहिलं होतं. बहिणीला काय माहीत!" मग जरा थांबून, "मार्चमध्ये गेला तो. छावणीतलं घर सोडावं लागलं."

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दाबून धरला. मुकादम ड्वेन आतून ओरडला, "लोरेटा, चढव ती गासडी! कधीचा ताटकळलाय तो."

"ही नाही जायची."

"का, रुसलीय?"

लोरेटानं तार कापायची कात्री उचलली. "मागं सर, पोरी. डोळ्यात उडेल."

एकेक तार तुटत गेली. गासडी फुगली, कलली आणि जमिनीवर पसरली.

ड्वेन धावत आला. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मग त्याला ती बाई दिसली, आणि तो तुटलेल्या तारा बाजूला ओढू लागला. ट्रकवाला शिव्या देतच खाली उतरला होता. लोरेटानं दोन शब्दांत सांगितलं, तेव्हा त्यानं हातमोजे चढवले.

प्रत्येक पुठ्ठ्यावर कुणाचं ना कुणाचं अक्षर होतं. स्वयंपाकघर. बाळाचे कपडे. जर्मनीला पोचेपर्यंत उघडू नये. बाई एकेक उलटून बघायची आणि बाजूला ठेवायची.

ट्रकवाल्यानं एक चेपलेला पुठ्ठा वर धरून मोठ्यानं वाचला. "आत काय आहे देव जाणे. कॉरीनला विचारा." त्यानं मान वळवली. "कॉरीन कोण?"

"मी."

तिनं तो घेतला, गुडघ्यावर ठेवला आणि तळहातानं चुण्या सपाट करू लागली.

"मग, काय होतं आत?" ट्रकवाल्यानं विचारलं.

"मलाही ठाऊक नव्हतं. दर बदलीला तसंच उचलायचो. काल उघडलं." ती हसली. "नुसत्या वायरी."