वजिराचा बळी

कोडं कॉम्प्युटरला सुटलं नाही, तर बुद्धिबळ मंडळाच्या नव्या सभागृहाला घारपुरे सरांचं नाव लागणार होतं. कोडं म्हणजे त्यांच्याच गाजलेल्या डावातली स्थिती. वजिराचा बळी देऊन त्यांनी तरुणपणी अजिंक्यपद पटकावलं होतं, आणि तेव्हापासून दर समारंभात तो वजीर पुन्हा मरत होता.

"यंत्राला त्याग कळत नाही," सर माईकवर म्हणाले.

यंत्राने पापणी लवायच्या आत उत्तर दिलं: वजीर देणारा हरतो. समोरच्याने फक्त कडेचं प्यादं एक घर ढकलायचं.

पहिल्याच रांगेत तांबवेकर होते, त्या डावातले समोरचे. वजीर पुढ्यात येताच त्यांनी काही न तपासता डाव सोडला होता. घारपुऱ्याने दिलाय, म्हणजे विचार करूनच दिला असणार!

सर सावरले. "काय रे तांबव्या, प्यादं होतं की! ढकललं का नाहीस?"

हॉल खो खो हसला. कोडं सुटलं, तरी नाव सरांचंच लागलं.

हरायचा डाव सरांना जन्मभर पुरला. जिंकायच्या डावापायी तांबवेकरांनी मात्र पट कायमचा माळ्यावर टाकला होता.