एकाच पाण्यात धुतलेली कडी

सुनेने दोन्ही कडी ऐरणीवर ठेवली. दोन्ही सारखीच चकचकीत. ओतारी आधी कड्यांकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"यातलं शापाचं कुठलं?"

"तेच विचारायला आलोय," सासू म्हणाली. भट्टीसमोरच्या एकुलत्या स्टुलावर ती बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरलेले. आपल्याला गुडघे आहेत हे तिला कालच कळलं होतं.

ओतारी शापलेल्या वस्तू वितळवायचा. मागच्या फळीवर तोंड शिवलेली बाहुली होती, भिंतीकडे वळवून ठेवलेला आरसा होता, साखळदंडाने आवळलेली पेटी होती. शाप लागलेली धातूची वस्तू काळी पडते, त्यामुळे ओळखायचा प्रश्न त्याला आजवर पडलाच नव्हता.

"एक काळं असेल ना?"

"होतं. हिने घासलं."

"दोन्ही एकाच पाण्यात धुतली मी," सून म्हणाली. "वेगळी धुवायची असतात, माहीत होतं. पण आई म्हणतात ना, दोन-दोन पाणी उपसायला विहीर तुझ्या बापाची आहे का. हात आपला सवयीने चालला."

"ते मी भांड्यांसाठी म्हटलं होतं," सासू म्हणाली.

वरदानाचं कडं घालणारीला काहीच दुखत नसे. शापाचं कडं घालणारीच्या अंगात घरातल्या सगळ्यांचं दुखणं उतरे. पहिलं सासूच्या हातात, दुसरं सुनेच्या. सासूच्या सासूच्या आणि तिच्याही सासूच्या काळापासून हे असंच चालत आलेलं. याची घरात कुणाला लाज नव्हती. याला ते घराण्याचं वळण म्हणायचे. कडी वर्षातून एकदा, धुण्यापुरती, मनगटातून निघायची. एकदा चढली की पुढचं वर्षभर हलायची नाहीत. म्हणून अंदाजाने घालायची सोय नव्हती.

"मग सोपं आहे," ओतारी म्हणाला. "दोन्ही मुशीत टाकतो. शाप जाईल."

"आणि वरदान?"

"तेही जाईल. पण शाप तर जाईल."

"शाप घालवायला कोण आलंय इथे?" सासू म्हणाली. "तू नुसतं ओळखून दे. माझं मला, हिचं हिला."

ओतारीने कान खाजवला. इतकी वर्षं लोक त्याच्या दारात शाप टाकायला आले होते. परत न्यायला कुणी आलं नव्हतं.

दाराशी सासूचा मुलगा, सुनेचा नवरा, उभा होता. त्याचा गाल सुजला होता. जन्मात पहिल्यांदा त्याची दाढ दुखत होती आणि तिचं काय करायचं असतं हे त्याला कळत नव्हतं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांकडे तो अचंब्याने बघत होता. "हे सगळे असं दुखत असताना चालतात?" त्याने विचारलं. "लवकर काय ते करा," तो म्हणाला.

"एक उपाय आहे," ओतारी म्हणाला. "कडं घालायचं नाही, नुसतं मुठीत धरायचं. दुसऱ्या हाताला मी तापलेला चिमटा लावतो. चटका कळला नाही तर वरदानाचं. दुप्पट कळला तर शापाचं. हात कुणाचा घेऊ?"

"हिचाच घे," सासू म्हणाली. "हिला सवय आहे."

सुनेने हात पुढे केला. कुठला, डावा की उजवा, एवढंच विचारलं.

पहिलं कडं तिच्या मुठीत. चिमटा टेकला, चर्र झालं. सून चिमट्याकडे बघत राहिली.

"कळलं?"

"नाही."

"हे वरदानाचं," सासू म्हणाली आणि हात पुढे केला.

"थांबा, दुसरं बघू द्या." दुसरं कडं मुठीत. पुन्हा चिमटा, पुन्हा चर्र. भट्टीपाशी कातडी जळल्याचा वास पसरला.

"आता?"

"लावला का?" सुनेने विचारलं.

ओतारीने कडी उचलून तोंडाजवळ नेली, हुंगली, ऐरणीवर वाजवली. दोन्हींचा नाद एकच. शेवटी त्याने तिची मूठ सोडवली. दोन्ही हात रिकामे आहेत ना, ते नीट बघितलं आणि तिसऱ्यांदा चिमटा लावला.

सून वाट बघत उभी होती. तिला वाटलं, अजून लावायचा आहे.

"हिला कळतच नाही," ओतारी हळूच म्हणाला.

"म्हणजे काय? काल तर काढलं ना कडं," मुलगा म्हणाला. "आता हिचं हिला दुखायला पाहिजे."

सुनेने तळवा उजेडात धरला. तीन फोड उठत होते. तिने एक दाबून बघितला, मग दुसरा. मोठ्या माणसाने काही विचारावं आणि आपल्याला उत्तर येऊ नये, तसा तिचा चेहरा झाला.

"माझं काही चुकलं का?" तिने विचारलं.

ओतारीने चिमटा पुन्हा निखाऱ्यात खुपसला. "या हातावर ओळख पटायची नाही. ज्याला दुखतं असा हात लागेल."

मुलाने दोन्ही हात खिशात घातले. सासूने शालीखाली घेतले.

"मी म्हातारी बाई," ती म्हणाली.

चिमटा लाल झाला. सून पुढे झाली, स्टुलाजवळ खाली बसली. एक कडं तिने सासूच्या मांडीवर ठेवलं. रोज रात्री तेल लावायला काढायची तितक्याच मायेने तिने शालीखालून सासूचा हात बाहेर काढला आणि मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"घट्ट धरते, आई," ती म्हणाली. "हात हलला की जास्त भाजतं. तुम्हीच सांगायचात."