थोडा मध घाला

"आई, तू वर बोलतेयस!"

लेकीच्या एका पायात नवा बूट, दुसरा पाय उघडा, बोट छताकडे. आईनं वर पाहिलं आणि हातातला दुसरा बूट हातातच राहिला. आवाज तिचाच होता.

"मान्यवर ग्राहकहो, एक लहानशी अडचण उद्भवली आहे. कृपया सर्वांनी सावकाश बाहेर पडावे, ही नम्र विनंती."

एवढ्या मोठ्या दुकानात कुणी मान वर केली नाही. "सेल लागला वाटतं कुठंतरी," बिलाच्या रांगेतले एक काका बायकोला म्हणाले. काकांची चूक नव्हती. सेलची बातमीही याच आवाजात यायची.

अडचण लहानशी नाही, हे फक्त तिला माहीत होतं. धूर झाला की हे वाक्य आपोआप सुरू होतं.

लेक रांगायची, तेव्हाची गोष्ट. या दुकानाच्या सूचना बोलायला आई ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काचेसमोर उभी राहिली, तेव्हा कागदावर वेगळंच लिहिलेलं होतं. आग लागली आहे, ताबडतोब बाहेर पडा. लेक शेगडीकडे निघाली की घरात ती जशी ओरडायची, तसं तिनं ते म्हटलं. अगदी पोटातून. काचेपलीकडे दुकानाचे साहेब असे दचकले, की चहा शर्टावर सांडला.

"अहो बाई, केवढा हा कर्कशपणा! गिऱ्हाईक पळून जाईल."

"पळायलाच तर सांगायचंय ना?"

साहेब हसले. मशीनवरचा माणूसही हसला. "ते खरं हो. पण बाईच्या तोंडी हुकूम बरा वाटत नाही. थोडा मध घाला."

तिनं घातला. मग 'आग' गेली, 'ताबडतोब' गेलं. 'कृपया' आलं, मागोमाग 'विनंती' आली. चोरांना दम द्यायचं वाक्य तेवढं एका पुरुषाकडे गेलं, आणि त्याच्याकडे कुणी मध मागितला नाही. शेवटी साहेबांनी काचेतून अंगठा दाखवला तेव्हा ती सुखावली होती, नाही असं नाही. 'हळू बोल गं, चार घरं ऐकतात' हे ऐकतच मोठी झालेली ती. गोड आवाज हीच तर तिची कमाई.

आता मुख्य दाराजवळच्या, कपडे घालून बघायच्या खोल्यांकडून जळक्या वायरीचा वास आला. पाठोपाठ पडद्यावरून करडा धूर सरकू लागला. तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि ती दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, मागच्या जिन्याकडे धावली. लेकीच्या पायातला बूट वाटेतच गळून पडला.

जिन्याच्या दाराला कुलूप. चोऱ्या होतात म्हणून. किल्ली शेजारी स्टुलावर बसलेल्या रखवालदाराच्या कमरेला.

"आग लागलीय! दार उघडा! आत्ताच्या आत्ता!"

तोच आवाज होता, काचेपलीकडे नापास झालेला. सगळी रांग गर्रकन वळली. धुराकडे नाही, तिच्याकडे.

"अगं बाई, काय हा घसा!" कुणीतरी म्हणालं. कुणीतरी फिसकन हसलं. तिचा अवतार बघून कडेवरच्या लेकीनं भोकाड पसरलं.

रखवालदार उठला. पण त्याचा हात किल्लीकडे गेला नाही. लहान मुलाची समजूत घालावी तसा त्यानं तळवा पुढे केला. तेवढ्यात वर तिचाच आवाज पुन्हा सुरू झाला. सावकाश, मधाळ. 'ही नम्र विनंती' येईपर्यंत त्यानं तो अगदी मान डोलावत ऐकला.

"किंचाळताय कशाला, ताई? पोर घाबरलं ना तुमचं." त्यानं कौतुकानं छताकडे बोट केलं. "त्या बाई बघा, किती नीट बोलतायत. शिका जरा त्यांच्याकडून."