सोवळ्याची दांडी

कालिंदीबाईंच्या सोवळ्याच्या लुगड्यावर सकाळी पुन्हा भुसा पडला होता, आणि भुशाशेजारी हळदीसारखा पिवळा डाग.

"दिनकर, आज याचा निकाल लाव," त्या मुलाला म्हणाल्या. "रॉकेल ओत त्या भोकात. भुंग्यांनी बिऱ्हाड करावं म्हणून नाही बांधली मी ही दांडी."

बागबाजारातल्या त्या भाड्याच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात ती बांबूची दांडी दोरांनी छताला टांगली होती. तिच्यावर फक्त सोवळं वाळायचं, तेही लांब काठीने घालायचं. कुणाचा हात लागता कामा नये. दिनकरची नागपूरहून कलकत्त्याला बदली झाली तेव्हा निम्मं सामान मागे राहिलं, सोवळं तेवढं जसंच्या तसं आलं. ज्या बाईने जन्मात नाकावर माशी बसू दिली नाही, तिच्याच दांडीत भुंगा राहायला यावा, याला काय म्हणावं!

व्हरांड्याच्या कोपऱ्यात चटईवर वृंदा बसली होती. कालपासून ती बाजूला होती. लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि दर महिन्याला तिला या कोपऱ्यात येऊन बसावंच लागत होतं. सासूबाई ताट दुरून सरकवत, तिच्याकडे बघत नसत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं. ते न बघणं तिला फार लागे.

कोपऱ्यात बसून करणार काय? ती बघत राही. भिंतीच्या फटीत मुंगीएवढ्या काळ्या मधमाश्या होत्या, दाराशी मेणाची बारीक नळी काढून राहणाऱ्या, नांगीच नसलेल्या. कुंडीतल्या गुलाबाची पानं गोल कापून नेणारी एक माशी दाराच्या जुन्या कुलपात संसार थाटून होती. गेल्या दुर्गापूजेच्या आधी घरमालकाने फटी सिमेंटने लिंपल्या, कुलूप बदललं. त्या बारक्या माश्या कितीतरी दिवस सिमेंटपुढे घुटमळल्या, मग दिसेनाशा झाल्या. वृंदा तेव्हा काही बोलली नव्हती. त्याचं तिला अजून वाईट वाटे.

आता उरली होती ती ही दांडीतली. सगळे तिला भुंगा म्हणत, पण ती आई होती हे वृंदाला ठाऊक होतं. पूजेच्या मांडवाचा एक बांबू गल्लीत चिरून पडला होता, त्यात तिने पाहिलं होतं. ओळीने खोल्या, मध्ये भुशाच्या भिंती, प्रत्येक खोलीत परागाचा पिवळा गोळा आणि गोळ्याला बिलगलेलं एक पांढरं पिल्लू. ही काळी-निळी बाईही महिनाभर अंगणातल्या शेवग्याच्या फुलांतून पिवळी होऊन येत होती. आताशा ती फारशी बाहेर पडत नसे, भोकाच्या तोंडाशीच बसून राही.

दिनकरने स्टूल मांडलं आणि रॉकेलची बाटली उघडली.

"अहो, नका ना," वृंदा म्हणाली. "आत पिलं आहेत तिची."

"इथे रोज गल्लीबोळांत बाँब फुटून माणसं मरताहेत, आणि तू भुंग्याचं काय घेऊन बसलीस?"

"स्वतःच्या घरात पिलू नाही," कालिंदीबाई म्हणाल्या, "आणि भुंग्याच्या पिलांचा पुळका."

बोलून गेल्या. मग ते त्यांच्याच कानांवर आदळलं असावं, कारण त्यांनी पदर सारखा केला आणि उगाच अंगणात बघितलं.

दिनकर भोकात कोंबायचा चिंधीचा बोळा रॉकेलमध्ये भिजवायला खाली वाकला होता. वृंदा उठली, स्टुलावर चढली आणि तिने दोन्ही हातांनी दांडी धरली.

"अगं, विटाळशी आहेस तू!" कालिंदीबाई ओरडल्या.

"हो. म्हणूनच धरली," वृंदा म्हणाली. "आता तुम्हाला ती चालायची नाही ना? मग मला द्या."

तिने दोर सोडले, दांडी खाली घेतली आणि चटईवर बसून मांडीवर आडवी धरली. या घरात तिने आजवर कधी काही मागितलं नव्हतं.

दिनकर बोळा टाकून उठला. "आई, त्रागा करू नकोस," तो म्हणाला. "गंगा दोन पावलांवर आहे. दांडी बुडवून आणतो, म्हणजे शुद्धही होईल आणि भुंगाही जाईल. एका दगडात दोन पक्षी."

वृंदाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दांडी तिने सोडली नाही. एवढ्या हालचालीने आतली आई बिथरली होती, बांबूतून घुंघुं असा जाड आवाज येत होता.

कालिंदीबाई पुन्हा धुतलेलं ओलं लुगडं हातात घेऊन उभ्या होत्या. सोवळ्यात जेवढं जवळ येता येतं तेवढ्या त्या आल्या. आवाज ऐकत राहिल्या. मग सुनेच्या मांडीकडे बघितलं, आणि मग तिच्या तोंडाकडे.

"नको बुडवूस," त्या मुलाला म्हणाल्या. "बाजारातून नवी आण."

दिनकर पिशवी न घेताच गेला.

चैत्राचं ऊन व्हरांड्यात चढत आलं. लुगडं घालायला जागा उरली नव्हती, म्हणून कालिंदीबाई ते दोन्ही हातांनी पसरून उन्हात उभ्या राहिल्या. पाणी त्यांच्या पावलांवर ठिबकत होतं.

"वृंदा," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ती दांडी घेऊन सावलीत सरक. आत उकडत असेल त्यांना."