आंदणातली डबी

उर्वशीनं आंदणातला पाण्याचा गुंड उचलला, उलटा केला आणि बुडावरचं नाव वाचलं. नाव नवरीचंच होतं, पायलचं. मग तिनं परात उलटी केली, मग तपेलं. ही नवरदेवाची मोठी बहीण. दिग्रसहून वरातीचा टेम्पो आला तशी ती पाणीही न घेता आंदणाच्या पलंगाशी येऊन उभी राहिली होती.

पलंगाच्या पायथ्याशी विमलताई उभी होती. आर्णीच्या बसस्टँडमागं तिचं बांगड्यांचं लहानसं दुकान. उशीजवळ ठेवलेली पितळेची पावडरची डबी तिनंच नवी केली होती. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईकडून ती आली तेव्हा काळीठिक्कर होती. विमलताईनं चिंच लावून घासली, तेव्हा झाकणावरची निळ्या मिन्याची दोन बदकं वर आली. फ्रेमवाल्याकडून गोल आरसा कापून आणून बसवला. आतली दगड झालेली पावडर खरवडून काढली आणि नवी पावडर गुलाबपाण्यात कालवून वाटीच्या बुडानं दाबून भरली. जुन्या डब्या अशा उठवून बसवायचा तिला नादच होता.

ही डबी पायलच्या आईनं, तुळसाबाईनं, मागून नेली होती. वरपक्षाचा निरोप साफ होता: थोडं द्या, पण नवं द्या. त्या साली कापूस घरात पडून होता आणि भाव रोज उतरत होता. "नवीच म्हणून ठेवते, विमल," तुळसाबाई म्हणाली होती. "कोणी विचारलं तं तूही तसंच सांगजो."

गेल्या महिन्यात शेजारच्या गावात आंदणात दुसऱ्याच्या नावाची परात निघाली, आणि वरात मांडवातून तशीच माघारी गेली. हे मांडवातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

उर्वशीचा हात डबीवर पडला.

"हे कॉम्पॅक्ट जुनं वाटून राह्यलं."

तुळसाबाई पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला. "नवं आहे, बाई. विमलच्या दुकानातून आणलं."

उर्वशीनं विमलताईकडं पाहिलं. "नवं आहे?"

"माह्याच दुकानातलं आहे," एवढंच विमलताई म्हणाली. ते खोटं नव्हतं.

उर्वशीनं अंगठ्यानं खटका दाबला. डबी उघडेना. पुन्हा दाबला. मग नख घालून पाहिलं, ओढून पाहिलं. "नवं आहे तं खुलत काहून नाही?" तिचा आवाज चढला तशा वरातीतल्या चार बाया जवळ सरकल्या.

त्या डबीचा खटका नुसता दाबून भागत नसे. बिजागरीशी बोट ठेवून झाकण जरासं डावीकडं सरकवावं लागे. हे उमगायला विमलताईला दोन दिवस लागले होते. आता सांगावं, तर डबी जुनी म्हणून आपल्याच तोंडानं कबूल केल्यासारखं होतं. न सांगावं, तर उर्वशी कोणाला तरी सुरी मागत होती. तिकडं माईकवरून नवरा-नवरीला बोलावणं सुरू झालं होतं. पायल मंचाकडं निघाली होती, आणि चालता चालता मान वळवून इकडंच पाहत होती.

"आण इकडं."

खुर्चीवर बसलेल्या पंचफुलाबाईनं हात पुढं केला. ही नवरदेवाची थोरली आत्या. दिग्रसच्या कापसाच्या जिनिंगात तिच्या नवऱ्यानं हयात घातली होती, आणि जिनिंग बंद पडलं तरी घराण्यात तिचा शब्द अजून चालत होता.

"सुरी कायले पाह्यजे?" उर्वशीकडं बघत बोलता बोलताच तिनं डबी तळहातावर घेतली, बिजागरीशी बोट ठेवलं, झाकण डावीकडं सरकवलं. टक्. डबी उघडली.

डबी कोणाच्या घरून निघाली हे भांडेवालीनं कधी सांगितलं नव्हतं, आणि विमलताईनंही कधी विचारलं नव्हतं.

पंचफुलाबाई आरशात पाहत राहिली. तिनं डबी हळूच मिटली. अंगठा एका बदकावरून दुसऱ्या बदकावर गेला आणि तिथंच थांबला. तुळसाबाईनं पदराचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

"आत्या, जुनी आहे नं?" उर्वशीनं विचारलं.

"नवीच आहे," पंचफुलाबाई म्हणाली. "नव्याचा खटका कडकच राह्यते. ठेव ते, अन् चाल. लग्नाची वेळ झाली."

उर्वशीनं डबी उशीजवळ ठेवली. बाया पांगल्या. तुळसाबाई मटकन पलंगाच्या कडेवर बसली, आणि लगेच उठून मंचाकडं धावली.

लग्न लागलं. फुलं उधळून झाली, पंगती उठल्या. विमलताई पाण्याच्या ड्रमाशी हात धूत होती, तेव्हा पंचफुलाबाई शेजारी येऊन उभी राहिली.

"आरसा तुमीच बसवला काय?"

"हो."

पंचफुलाबाईनं हातावर पाणी घेतलं. बोटं धुवून झाली तरी ती धूतच राहिली.

"तुमाले परत पाह्यजे असन तं सांगा," विमलताई हळू आवाजात म्हणाली. "पायलले मी दुसरी देईन. कोणाले कळणार नाही."

"नको." पंचफुलाबाईनं पदराला हात पुसले. मंचावर पायल उर्वशीच्या शेजारी फोटोला उभी होती. पंचफुलाबाई तिकडं बघत होती. "पोरीले फक्त सांगून ठेवजा. डाव्या अंगानं सरकव म्हणा, जोर लावू नको. जोर लावला का आरसा तडकते. माहा तसाच गेला."