दहा लाख तीन

बाकी सत्तावीस उरली. तिनं ती खोडरबरानं हलकेच पुसली आणि तिथं शून्य लिहिलं.

पलंगावर वडील डोळे मिटून पडले होते. संध्याकाळचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं. सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी संथ हलत होती. आई गेली तेव्हा ती आठ दिवसांसाठी म्हणून आली होती. त्या आठ दिवसांत वडिलांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. ती बॅग भरायला लागली तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"दहा लाख तीन. मूळ संख्या आहे, की कशानं तरी भागली जाते? एवढं बघून जा."

ती नाटकांचे कपडे शिवायची. गणितात पहिल्यापासून ढ. वडील गणिताचे मास्तर. एक हातचा विसरली म्हणून त्यांनी स्वतःच्या लेकीला भर वर्गात बाकावर उभं केलं होतं. तरी ती बसली. हजाराच्या आतल्या एकेका मूळ संख्येनं भागून पाहायचं, पुढं जायची गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. रोज एक भागाकार, मग चहा. सातनं भागलं, चार उरले. अकरानं, चार. तेरानं, पुन्हा चारच. हळूहळू वडील उठून बसू लागले. चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरू लागले. तिला तर स्वप्नंही तसलीच पडायची. आकडे एकेक करून दार वाजवत, आत डोकावत आणि आल्या पावली परत जात.

तीन महिने कसे गेले, कळलं नाही. आज पाचशे तेवीसची पाळी होती. पुढं अजून एकोणसत्तर होत्या. आणि दुपारीच नाटक कंपनीचा फोन आला होता. उद्या हजर व्हा, नाहीतर तुमच्या मशीनवर दुसरी बाई बसेल.

"बाबा, भाग गेला," ती म्हणाली. "पाचशे तेवीसनं. बाकी शून्य."

त्यांनी चष्मा लावला. ओळ न् ओळ बोटानं तपासली. बोट शून्यावर येऊन थांबलं. तिथं कागद अजून खरखरीत होता. मग त्यांनी लाल पेन मागून घेतलं आणि भलीमोठी खूण केली.

"बरोबर."

त्यांच्याकडून हा शब्द तिला जन्मात मिळाला नव्हता. तिनं बॅग भरली, पायात चपला सरकवल्या. पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडेना.

"बाबा, मी खोटं लिहिलंय. सत्तावीस उरतात."

"ठाऊक आहे. ती कशानंच भागली जात नाही. चाळीस वर्षं पोरांना तेच शिकवलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "लबाडी आधी मी केली, पोरी. नीघ आता, गाडी चुकेल."