दहा वर्षं

दीपमाला तीन वर्षांपासून सासूला, साखराबाईंना, आठवड्यातून तीनदा चाकूरहून लातूरला डायलिसिससाठी नेत होती. त्या दिवशी डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये भरले आणि तिला एकटीला आत बोलावलं.

"हजारो पेशंटांवरून कॉम्प्युटरनं अंदाज काढलाय. डायलिसिस चालू ठेवलं तर सासूबाई अजून दहा वर्षं सहज जगतील. बंद केलं, तर महिनाही नाही."

"दहा वर्षं?" दीपमालानं दोनदा विचारलं.

बाहेर बाकावर साखराबाई वाट बघत होत्या. "काय म्हनले गं डाक्टर?"

"तुमी बऱ्या झालात, आत्याबाई. आता हितं यायचं काम न्हाई."



साखराबाईंनी सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "लई केलंस गं माय माझ्यासाठी."